कार्ड बनलं कॅमेऱ्यासाठी, बसलं बोर्डात

छोट्या कॉम्प्युटर बोर्डांवर काम करणाऱ्याची एक तक्रार ठरलेली असते. वीज गेली, आली, आणि बोर्ड बूटच होईना. आतलं एसडी मेमरी कार्ड काढून दुसऱ्या मशीनला लावावं तर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, करप्ट. शिव्या कार्डाच्या कंपनीला बसतात, पण हे दुखणं त्याहून जुनं आहे.

तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी, म्हणजे वीज गेली तरी डेटा धरून ठेवणारी चिप, मांडली. आजच्या कार्डांत असतो तो तिचा नँड फ्लॅश हा प्रकार १९८७ चा. एका झटक्यात सगळं पुसलं जाणं एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं, म्हणून हे नाव. खोड त्या पुसण्यातच आहे. लिहिताना काही किलोबाइटांचं एक पेज लिहिता येतं, पण पुसायचं तर अशा कितीतरी पेजांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. आणि दर खेपेला तो ब्लॉक झिजतो. एका सेलमध्ये एकच बिट ठेवणाऱ्या चिपा साधारण लाखभर वेळा पुसणं सोसत. सेलमध्ये तीन-तीन बिट कोंबल्यावर तो आकडा काही हजारांपर्यंत घसरला.

ही झीज सांभाळायची कुणी? १९९५ च्या स्मार्टमीडिया कार्डात नुसती चिप होती, बाकीचं कॅमेऱ्याने बघायचं. त्याच्या आदल्या वर्षी सॅनडिस्कने आणलेल्या कॉम्पॅक्टफ्लॅशमध्ये मात्र कंट्रोलर, म्हणजे फ्लॅशचा कारभार बघणारी चिप, कार्डातच होता आणि बाहेरून ते हार्ड डिस्कसारखं दिसायचं. १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी जाहीर केलेल्या एसडी कार्डानेही हीच वाट धरली. सोय झाली, पण आत काय चाललंय ते बाहेरून दिसेनासं झालं.

त्याच वर्षी स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने जेएफएफएस आणली. ही फाइल सिस्टिम जुन्या नोंदीला हात न लावता नवी नोंद पुढे लिहीत जाते. वीज गेल्याने अर्धवट राहिलेली नोंद चेकसमला (नोंदीसोबतच्या पडताळणीच्या आकड्याला) जुळत नाही, ती सोडून द्यायची. २००८ मध्ये नोकिया आणि हंगेरीतलं सेगेद विद्यापीठ यांची यूबीआयएफएस त्याच वळणाची. दोन्ही भक्कम, पण दोघींना उघडी फ्लॅश लागते. एसडी कार्डात मध्ये कंट्रोलर बसलेला, तिथे त्यांचं काही चालत नाही. माझ्या मते सगळी गडबड इथून सुरू झाली.

मग २९ फेब्रुवारी २०१२ ला ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड आला आणि थेट एसडी कार्डावरून बूट होऊ लागला. कॅमेरा एक मोठा फोटो सलग लिहितो आणि बॅटरी उतरली की आवरून बंद होतो. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा बोर्ड दिवसभर चिमूटभर चिमूटभर लिहीत राहतो, आणि त्याला बंद करायची रीत म्हणजे प्लग उपटणे.

लॉगमधली साठ अक्षरांची एक ओळ घ्या. फाइल सिस्टिम त्यासाठी चार किलोबाइट लिहायला सांगते, वर जर्नल (वीज गेल्यास सावरता यावं म्हणून बदलांची ठेवलेली नोंदवही) आणि फाइलची वेळ वेगळी. कार्ड कोरं पेज शोधतं, लिहितं, कुठला डेटा कुठे आहे याचा आतला नकाशा बदलतं. कोरी जागा संपली असेल तर जुन्या ब्लॉकमधली कामाची पेजं हलवून तो पुसतं. या धांदलीत वीज गेली तर ज्या फाइलला कुणी हातही लावला नव्हता तीही जाऊ शकते. दोन बिटांच्या सेलमध्ये तर दुसरा बिट भरताना वीज गेली की आधी नीट लिहिलेला पहिलाही हातचा जातो. २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य शाखेत आलेल्या ईएक्सटी३ या फाइल सिस्टिमचं जर्नल इथे अपुरं पडतं, कारण ज्याला हात लावला नाही ते शाबूत राहील हे त्याने गृहीत धरलेलं असतं.

कार्डं मरतानाही गंमत करतात. माझ्याकडचं एक कार्ड निमूट सगळं लिहून घ्यायचं, एरर नाही, काही नाही, आणि रीबूट केलं की त्याच जुन्या तारखेवर परत. एकच कॉन्फिग फाइल मी संध्याकाळभर दुरुस्त करत बसलो होतो.

त्यामुळे उपाय वळले ते कमी लिहिण्याकडे. फाइल वाचल्याची वेळ नोंदवणं बंद करायचं, लॉग रॅममध्ये ठेवायचे. डिसेंबर २०१४ च्या लिनक्स ३.१८ मध्ये ओव्हरलेएफएस (एका फाइल सिस्टिमवर दुसरीचा थर चढवणारी सोय) आली आणि मूळ सिस्टिम रीड-ओन्ली ठेवून बदल रॅममध्ये झेलणं सोपं झालं. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये आता त्याचा पर्यायच आहे. जपायचा डेटा वेगळ्या पार्टिशनवर जातो: आधी तात्पुरती फाइल, मग एफसिंक (लिहिलेलं खरंच कार्डावर उतरवण्याचा हुकूम), मग नाव बदलणे. अर्थात कंट्रोलर तोच असल्याने वेगळं पार्टिशन म्हणजे वेगळं कार्ड नव्हे. म्हणून काही जण बोर्डावर मोठा कपॅसिटर बसवतात, व्होल्टेज पडताच लिहिणं थांबवून कार्डाला हातातलं काम उरकण्यापुरता वेळ देतात. २०१६ मध्ये कार्डांवर ए१ ही खूण आली: सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं. वीज गेल्यावर काय, याबद्दल त्या खुणेत काही नाही.