डिफ लॉक वेगळा, लिमिटेड स्लिप वेगळं

पाऊस लागला की पांदण रस्त्यांवर गाड्या फसायला लागतात आणि तोच प्रश्न पुन्हा ऐकू येतो: "भाऊ, मागच्या एक्सलला एलएसडी बसवली तं निघन ना गाडी चिखलातून?" विचारणारा कधी जुन्या एमएम 540 जीपचा मालक असतो, तर कधी आजोबांची वाड्यात झाकून ठेवलेली एमजी किंवा ट्रायम्फ ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारा नातू. दोघांचीही समजूत एकच असते की एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफ्रन्शियल, हा ट्रॅक्टरचाच डिफ लॉक, फक्त पेडल न दाबता आपोआप लागणारा. ही समजूत साफ चुकीची आहे. तिच्यापायी लोक धडधाकट एक्सल उघडतात, महागडा माल आत घालतात आणि पहिल्याच चिखलात कपाळाला हात लावतात.

डिफ लॉकबद्दल कास्तकाराला मी वेगळं काय सांगणार? नांगरताना एक चाक तासात चालतं, एक वर, त्यातलं एक फिरायला लागलं की टाचेनं पेडल दाबायचं. दोन्ही बाजू एकमेकींना जखडल्या जातात आणि ट्रॅक्टर निघतो. वळायच्या आधी पाय काढायचा, नाहीतर ट्रॅक्टर सरळच जातो.

खरी गफलत लॉकमध्ये नसून साध्या डिफ्रन्शियलमध्ये आहे, म्हणजे एक्सलच्या मधल्या त्या गिअरांच्या जोडणीत, जी इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटते आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देते. "ताकद सगळी फिरणाऱ्या चाकाकडं जाते," हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकवत नाही. साधं डिफ्रन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतं, म्हणजे सारखाच पीळ. वेग कमीजास्त होऊ देतं, पीळ नाही. बैलजोडीचं जू आठवा. ते मधोमध बांधलेलं असतं. एका बैलानं अंग टाकलं तर दुसरा कितीही तगडा असो, त्यानं जास्त जोर केला की जू तिरकं होतं, ओढ वाढत नाही. दुबळा जेवढं ओढेल तेवढंच दुसऱ्याकडून मिळतं. चिखलातल्या चाकाचं तसंच आहे. ते गरगर फिरतं ते ताकद जास्त मिळते म्हणून नव्हे. त्याला पकडच नसते, आणि त्याच्यापायी कोरड्यावरचं चाकही उपाशी राहतं.

आता आकडे घ्या. समजा उजवं चाक चिखलात आहे आणि 100 न्यूटन-मीटरच्या वर गेलं की घसरतं. डावं कडक मुरमावर आहे, ते 800 पेलू शकतं. साध्या डिफ्रन्शियलला मिळतील 100 अधिक 100, म्हणजे 200. लॉक लावला की दोन्ही चाकांचा वेग एक होतो आणि पिळाची वाटणी मोकळी होते: 100 अधिक 800, म्हणजे 900 पर्यंत जाता येतं. लिमिटेड स्लिप या दोघांच्या मधे कुठंतरी बसतं. दोन चाकांच्या पिळात ते फरक पडू देतं, पण एका मर्यादेपर्यंत. गिअरवालं, म्हणजे टॉर्सन किंवा क्वाइफ या कंपन्यांच्या मालासारखं, घेतलं आणि त्याचं गुणोत्तर अडीच धरलं, तर घट्ट चाकाला घसरणाऱ्याच्या अडीचपट मिळेल: 100 अधिक 250, एकूण 350. दोनशेपेक्षा बरंच बरं, नऊशेच्या जवळपासही नाही.

जुन्या पुस्तकांत आणि जाहिरातींत "25 टक्के लॉक", "40 टक्के लॉक" असं छापलेलं असतं आणि तिथंच घोळ वाढतो. 40 टक्के म्हणजे चाळीस टक्के जखडलेलं, असं लोक धरून चालतात. तो आकडा म्हणजे दोन चाकांच्या पिळातला फरक भागिले दोघांची बेरीज. 40 टक्क्यांचं गुणोत्तर निघतं साधारण 2.33, आणि 25 टक्क्यांचं जेमतेम 1.67. अल्फा रोमिओच्या 2000 जीटीव्हीला 25 टक्क्यांचंच मिळायचं आणि ती गाडी वळणांवर उत्तम चालायची, कारण ते चिखलासाठी नव्हतंच.

आता त्याच गणितात उजवं चाक खड्ड्यावर अधांतरी धरा. त्याला पकड शून्य. साधं डिफ्रन्शियल: शून्य अधिक शून्य. लॉक: शून्य अधिक 800. गिअरवालं लिमिटेड स्लिप: शून्याच्या अडीचपट शून्यच. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तर निम्मे प्रश्न संपतात. लिमिटेड स्लिपची दुसरी जात प्लेटवाली, क्लचसारख्या प्लेटा एकमेकींवर दाबून चालणारी. प्लेटवाल्यात स्प्रिंगांनी आधीच थोडा दाब दिलेला असतो, त्यामुळे त्यात थोडंफार मिळतं. पण ते स्प्रिंगांचं देणं, पाचशे-आठशेची आशा त्यातून करू नये.

यावर एक जुनी युक्ती आहे. हँडब्रेक थोडा ओढायचा. अधांतरी चाकाला ब्रेकनं 100 चा अडथळा झाला की दुसरीकडं 250 जातात, त्यातले 100 तिथला ब्रेक खातो, 150 जमिनीला मिळतात. साध्या डिफ्रन्शियलवर हेच केलंत तर शंभर मिळतात आणि शंभर ब्रेक खातो, हाती काहीच नाही. ट्रॅक्टरला मात्र डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरता येतो, त्यामुळे फिरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबला की दुसरं चाक ओढायला लागतं. नव्या गाड्यांतलं ब्रेक लॉकिंग डिफ्रन्शियल तेच काम सेन्सर लावून करतं.

मग लिमिटेड स्लिप कशासाठी? रस्त्यासाठी. फर्डिनांड पोर्शेनं ऑटो युनियनच्या रेसगाड्यांसाठी झेडएफ कंपनीकडून ते करून घेतलं, 1935 मध्ये. त्या गाड्यांची ताकद इतकी होती की आतल्या बाजूचं चाक सतत फिरत राहायचं. 1961 ची जग्वार ई-टाइप सॅलिस्बरीचं पॉवर-लॉक लिमिटेड स्लिप घेऊन आली, तेही याच कामासाठी. वळणात वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आतलं मागचं चाक हलकं होतं, तुम्ही वळण सुटताना रेस देता आणि ते चाक किंचाळत फिरतं. अशा वेळी आतल्या चाकाला थोडी तरी पकड शिल्लक असते, आणि त्याच्या दुप्पट-अडीचपट बाहेरच्या चाकाला मिळाली की गाडी वळणातून जोमानं निघते. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात जुनी एमजीबी चढवायची असेल तर हा फरक लगेच कळेल. त्याच घाटात पक्का लॉक लावून डांबरावर वळलात तर गाडी नाकानं सरळ जाईल, टायर घासतील आणि एक्सलवर भलता ताण येईल.

पावसाळ्यात मात्र सांभाळा. साध्या डिफ्रन्शियलमध्ये ओल्या रस्त्यावर एक चाक फिरतं आणि दुसरं गाडीचं मागचं अंग धरून ठेवतं. लिमिटेड स्लिपमध्ये, विशेषतः कडक प्लेटवाल्यात, दोन्ही चाकं एकदम सुटू शकतात आणि शेपूट बाहेर येतं. म्हणून रस्त्यावरच्या जुन्या, हलक्या स्पोर्ट्स गाडीला मी गिअरवालंच सुचवतो. ते बिनबोभाट काम करतं, त्यात झिजायला प्लेटा नसतात आणि वेगळं तेलही सहसा लागत नाही. प्लेटवालं ज्याला ट्रॅकवर जायचंय त्यानं घ्यावं.

आणि स्टार गिअर, म्हणजे डिफ्रन्शियलच्या आतले छोटे गिअर, वेल्डिंग करून घेणं मुळीच नको. "स्वस्तातला लॉक" म्हणून आपल्याकडे ते सर्रास करून मिळतं. तो लॉक कधीच सुटत नाही, ट्रॅक्टरच्या पेडलवरून पाय न काढल्यासारखा कायम लागलेला राहतो. बाजारहाटाला जाणाऱ्या गाडीला, ज्यात बायकामुलं बसतात, हे करणाऱ्यावर मला राग येतो. एक दिवस वेल्ड तडकतो आणि तुकडे क्राउन-पिनियनमध्ये, म्हणजे एक्सलच्या मुख्य गिअरजोडीत, जातात.

थारवाल्यांसाठी दोन ओळी. 2020 नंतरच्या थारच्या काही मॉडेलांना मागं ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रन्शियल मिळतं. तेही लिमिटेड स्लिप नव्हे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की ते पूर्ण जखडतं, आणि तेही कमी वेगातच. "आपोआप लागणारा लॉक" हे वर्णन त्याला चपखल बसतं. चिखलच तुमचा प्रश्न असेल तर जीपला याच जातीचं काही किंवा हातानं लावायचा लॉक शोधा.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते एक्सलनुसार बदलतं. एक्सलचे दात, क्राउनच्या बोल्टांची जागा आणि बेअरिंगचं माप जुळतंय का ते माल मागवण्याआधी बघा. क्राउन-पिनियनमधली फट त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून बसवा, दातांना रंग लावून खूण नीट मधे पडते का तपासा. "अंदाजानं बसवतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत आणा. प्लेटवाल्याला फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण सांभाळणारं रसायन) असलेलंच तेल घाला, नाहीतर हळू वळताना मागून खडखड येते आणि लोक क्राउन गेलं म्हणून घाबरतात.

जुन्या एक्सलमध्ये आधीपासून काय आहे ते पाहायचं असेल तर पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा एक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर) उचला, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर साधं, सोबत फिरलं तर प्लेटवालं किंवा वेल्ड केलेलं. गिअरवालं मात्र या परीक्षेत साध्यासारखंच उलटं फिरू शकतं, त्यामुळे मागचं झाकण किंवा हाउसिंग उघडल्याशिवाय "यात काही नाही" असा निकाल देऊ नका. आणि लिमिटेड स्लिपच्या गाडीचं एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन चालू ठेवत गिअर टाकू नका. साध्या डिफ्रन्शियलवर उचललेलं चाक नुसतं फिरत राहतं. इथं जमिनीवरचं चाकही ओढतं आणि गाडी जॅकवरून उतरून समोर उभ्या माणसाच्या अंगावर येते.