रासायनिक समीकरण: बरोबरीचे चिन्ह आणि बाण

रासायनिक अभिक्रिया कागदावर मांडताना अभिकारके डावीकडे, उत्पादिते उजवीकडे आणि मध्ये बाण असतो. बीजगणितातल्या समीकरणाचे मुख्य लक्षण म्हणजे बरोबरीचे चिन्ह; ते येथे नसूनही या मांडणीला समीकरणच म्हटले जाते. हे चिन्ह पूर्वी येथे होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते हटू लागले.

अभिक्रियेची आकृती काढण्याचे प्रयत्न सतराव्या शतकापासून सापडतात. बरोबरीच्या चिन्हाला मात्र खरा अर्थ मिळाला तो १७८९ मध्ये, पॅरिसमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या पाठ्यग्रंथात. द्राक्षाचा रस आंबून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल तयार होतात, तेव्हा रसाचे वजन या दोहोंच्या वजनांच्या बेरजेइतके मानावे, असे त्याने बरोबरीचे चिन्ह घालून लिहिले. वस्तुमान नष्ट होत नाही हा त्यामागचा दावा होता आणि चिन्ह त्या दाव्याचे होते. पुढे १८१३-१४ मध्ये एका स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने मूलद्रव्यांना अक्षरी संज्ञा दिल्या. तरीही पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा अणू एक की दोन, यावर एकमत होण्याची वाट १८६० च्या कार्ल्सरूऽ येथील परिषदेनंतरच मोकळी झाली. सूत्रच अनिश्चित असेल, तर सूत्रांच्या आधारे केलेला तोलही अनिश्चित राहतो.

बरोबरीच्या चिन्हाची खरी अडचण चुन्याच्या भट्टीवरून कळते. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. वजनांचा हिशेब बरोबर जुळतो, त्यामुळे बरोबरीचे चिन्ह येथे खोटे ठरत नाही. परंतु कशापासून काय झाले, हे त्यातून कळत नाही, कारण बरोबरीच्या दोन्ही बाजूंची अदलाबदल केली तरी विधान तेच राहते. शिवाय बंद भांड्यात निघालेला वायू चुन्याशी पुन्हा संयोग पावून चुनखडी तयार करतो. म्हणजे अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते आणि ठरावीक तापमानाला वायूचा दाब ठरावीक पातळीवर स्थिरावतो. ही गोष्ट दाखवण्यासाठी १८८४ मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या एका प्राध्यापकाने बरोबरीच्या जागी परस्परविरुद्ध दिशांचे दोन बाण वापरले.

बाण आले तेव्हा सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याबरोबर काही गमावलेही, आणि त्याची दखल फारशी घेतली जात नाही. बरोबरीचे चिन्ह लिहिणाऱ्याला दोन्ही बाजूंचे अणू मोजावेच लागत. बाण तशी सक्ती करत नाही, आणि म्हणूनच ‘असंतुलित समीकरण’ हा शब्दप्रयोग शक्य झाला. बीजगणिताच्या कानाला तो विसंगतच वाटतो. बाराव्या शतकातल्या आपल्याकडच्या बीजगणिताच्या ग्रंथात ‘समीकरण’ म्हणजे दोन पक्ष समान करणे. समान न केलेले पक्ष हे समीकरणच नव्हे. त्या न्यायाने ‘संतुलित समीकरण’ ही द्विरुक्ती ठरते. मराठी पाठ्यपुस्तकांनी दोन्ही संज्ञा स्वीकारल्या आणि विद्यार्थ्याला समीकरण लिहिणे व ते संतुलित करणे या दोन वेगळ्या पायऱ्या वाटू लागल्या. हा दोष केवळ मराठीचा नाही, पण ‘सम’ हे अक्षर डोळ्यांसमोर असताना तो मराठीत अधिक खटकतो.

१९०२ मध्ये एडिंबरामधून आलेली सूचना या दृष्टीने समंजस म्हणावी लागेल. तिच्यात बरोबरीच्या चिन्हाच्या दोन रेघा तशाच ठेवून प्रत्येकीच्या एका टोकाला अर्धे बाणाग्र जोडलेले होते, त्यामुळे दिशा दिसे आणि बरोबरीही पुसली जात नसे. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत हे अर्धबाण समतोलासाठी (म्हणजे दोन्ही दिशांच्या अभिक्रिया सारख्याच वेगाने चालतात त्या स्थितीसाठी), एकेरी बाण एका दिशेच्या अभिक्रियेसाठी, दोन पूर्ण बाण दोन्ही दिशांच्या अभिक्रियेसाठी आणि जुने बरोबरीचे चिन्ह केवळ प्रमाणांच्या हिशेबासाठी राखलेले आहे. म्हणजे १७८९ मधले चिन्ह रद्द झालेले नाही. शालेय पुस्तकांत मात्र ते रसायनशास्त्राच्या पानांवर क्वचितच आढळते.