सोनार बदलताय? आधी गाण्याचा आवाज कुठे ठेवलाय ते बघा

सोनार म्हणजे गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. त्याबद्दल आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन असा असतो: "नवीन सोनार टाकलं. जुनं गाणं उघडतंय, ट्रॅक दिसतायत, पण वाजत काहीच नाही. तुमच्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरने गाणी खाल्ली."

गाणी कुणी खाल्लेली नसतात. ती जुन्या कॉम्प्युटरवर असतात, आणि तो कॉम्प्युटर बहुतेक वेळा आदल्या आठवड्यात फॉरमॅट मारलेला असतो किंवा तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, देऊन टाकलेला असतो. हे पत्रक त्या आदल्या आठवड्यासाठी आहे. रेकॉर्डिंग कसं करायचं हे तुम्हाला येतं असं धरूनच लिहिलंय.

पुष्कळ जणांचा नावांत गोंधळ होतो, म्हणून आधी तो मिटवू. केकवॉक हे सॉफ्टवेअर १९८७ पासूनचं, ग्रेग हेंडरशॉट यांच्या ट्वेल्व्ह टोन सिस्टिम्सने काढलेलं. त्याचंच पुढे सोनार झालं. कंपनी आधी रोलंडकडे आणि नंतर गिब्सनकडे गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांनी दुसरं काहीतरी शिकायला घेतलं आणि दोन महिन्यांत सोडून दिलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने केकवॉक विकत घेतलं आणि एप्रिलपासून तेच सॉफ्टवेअर 'केकवॉक बाय बँडलॅब' या नावाने फुकट द्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये त्यांनी सोनार हे नाव परत आणलं आणि २०२५ मध्ये त्याचीही फुकट आवृत्ती काढली. काही सोयी पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत, पण गाणं रेकॉर्ड करून मिक्स करायला त्यांच्यावाचून अडत नाही. म्हणजे तुम्ही जे वापरत होता त्याचाच हा पुढचा वंशज. स्क्रीन थोडी वेगळी दिसेल, पण हात आपोआप जुन्या जागी जातो. आणि हो, हे विंडोजचं आहे. मॅकवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

आता मुद्दा.

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या तोंडावर एक कॉलेजचा मुलगा पार्श्वसंगीत घेऊन आला. पेन ड्राइव्हवर एकच फाईल, सीडब्ल्यूपी (सोनारची प्रोजेक्ट फाईल), ३४० केबी. आम्ही ती त्याच्यासमोर उघडली. ट्रॅकची नावं नीट लिहिलेली: 'तानपुरा', 'पाऊस', 'बासरी वरची', 'दार वाजतं'. फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) जागेवर, रिव्हर्ब (घुमारा) जागेवर, क्लिपचे चौकोनही जागच्या जागी. आत आवाजाची लहर नाही. त्याचं म्हणणं, "घरी तर वाजत होतं." वाजणारच. घरी आवाज होता, इथे फक्त आवाजाचा पत्ता आला होता.

सीडब्ल्यूपी फाईल म्हणजे नाटकाची संहिता. कुठल्या सेकंदाला कुठला आवाज, किती जोरात, कुठला इफेक्ट, एवढंच तिच्यात असतं. खुद्द आवाज वेव्ह फायलींमध्ये, वेगळ्या फोल्डरात. हिशोब साधा आहे. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी घेतो. चार मिनिटांचं गाणं, वीस ट्रॅक, म्हणजे साधारण ६३५ एमबी. तुमच्या हातातली फाईल केबीत मोजावी लागत असेल, तर तिच्यात गाणं नाही. हे ओळखायला आमच्याकडे यायचीही गरज नाही. फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितलं की झालं.

यातलं खरं दुखणं जुन्या वापरणाऱ्यांचं आहे. हल्ली प्रत्येक गाण्याला स्वतःचं फोल्डर आणि त्याच्या पोटात ऑडिओ नावाचं फोल्डर, अशी व्यवस्था असते. ते अख्खं उचललं की काम भागतं. पण प्रत्येक प्रोजेक्टला (म्हणजे गाण्याला) वेगळं फोल्डर हवं ही सेटिंगमधली खूण ज्यांनी कधी केलीच नाही, त्यांच्या सगळ्या गाण्यांचा आवाज 'केकवॉक प्रोजेक्ट्स'मधल्या 'ऑडिओ डेटा' या एकाच फोल्डरात साठत गेलेला आहे. वाड्यातल्या सामाईक माळ्यासारखा: कुणाचं काय ते माळ्यालाच ठाऊक. एका निवृत्त संगीतशिक्षकांच्या त्या फोल्डरात अकरा वर्षांचं सामान निघालं. फाईलच्या नावात आधी प्रोजेक्टचं नाव, मग ट्रॅकचं, मग 'रेक' आणि कंसात आकडा असतो. ज्यांनी ट्रॅकला नाव दिलं त्यांचं 'अभंग, पखवाज, रेक (३)' असं पटकन सापडतं. सरांनी नावं दिली नव्हती. 'ट्रॅक २, रेक (११४)' मधून त्यांच्या आईच्या आवाजातल्या ओव्या शोधायला दोन दुपारी गेल्या. ओव्या सापडल्या. बिल त्यांना जास्त वाटलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं, म्हणून त्यातलं निम्मंच घेतलं. दर वेळी ते जमणार नाही.

म्हणून स्थलांतराच्या आधी, जुन्या कॉम्प्युटरवर, जुन्याच सोनारमध्ये हे करा. गाणं उघडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून बघा. मग फाईल मेन्यूतून 'सेव्ह ॲज' घ्या, नवीन फोल्डरचं नाव द्या आणि सेव्ह दाबण्याआधी 'कॉपी ऑल ऑडिओ विथ प्रोजेक्ट' या चौकटीत खूण करा. ही एक खूण. तिच्यामुळे माळ्यावर विखुरलेलं त्या गाण्याचं सगळं सामान एका पेटीत भरलं जातं. नंतर त्या फोल्डरचा आकार बघा. वर सांगितलेल्या हिशोबाच्या आसपास असेल तर ठीक. ते अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. त्याच कॉम्प्युटरवर तपासलंत तर सॉफ्टवेअर गुपचूप जुन्या जागेवरून आवाज उचलू शकतं, आणि तुमची खात्री खोटी ठरते.

पन्नास गाणी असतील तर हे काम कंटाळवाणं आहे, नाही म्हणत नाही. निदान जी पुन्हा उघडायची शक्यता आहे तेवढी तरी करा, आणि उरलेल्यांसाठी तो सामाईक फोल्डर जसाच्या तसा कॉपी करून ठेवा. 'क्लीन ऑडिओ फोल्डर' नावाच्या सोयीला या काळात हातही लावू नका. कुठलाही प्रोजेक्ट वापरत नाही अशा फायली ती शोधून काढते, पण तुमचे निम्मे प्रोजेक्ट कपाटातल्या डिस्कवर असतील तर तिच्या दृष्टीने त्यांचा आवाज बेवारसच.

आणि घोळ झालाच तर? नवीन सोनार गाणं उघडताना फाईल सापडत नसल्याचं सांगतं आणि शोधू का विचारतं. तिथे घाईने 'स्किप ऑल' दाबून पुढे जाऊ नका, आणि गेलात तर निदान सेव्ह दाबू नका. मुक्या गाण्यावरच शिक्का बसायचा. जुनी डिस्क जोडा, शोधायला सांगा, आणि सापडल्यावर फाईल प्रोजेक्टच्या ऑडिओ फोल्डरात कॉपी करायचा पर्याय निवडा. नुसता संदर्भ ठेवलात तर डिस्क काढल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुसरी चूक लहान, पण तीही नेहमीची. नवीन फुकट मिळालं म्हणून जुनं सोनार काढून टाकू नका. दोन्ही एका कॉम्प्युटरवर सुखाने नांदतात. जुन्या विकतच्या सोनारसोबत मिळालेली डायमेन्शन प्रो, रॅप्चर यांसारखी सॉफ्टवेअरमधली वाद्यं फुकटच्या पुडक्यात येत नाहीत. जुनं राहिलं तर नव्याला ती वापरता येतात. जुनं उडवलंत तर ट्रॅक आहे आणि वाद्य नाही, अशी गत. तबला-तानपुऱ्याचे जुने ३२ बिटचे प्लगइन (सोनारला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) असतील तर त्यांचा भरवसा धरू नका. ते ट्रॅक जुन्या सोनारमध्येच फ्रीझ करा (म्हणजे वाद्याचा आवाज तिथेच पक्का करून घ्या) किंवा सरळ वेव्ह करून ठेवा. नव्यात सेव्ह केलेलं गाणं जुन्यात नीट उघडेलच असं नाही, तेव्हा मूळ प्रत वेगळी ठेवा.

काही जण स्टुडिओचा कॉम्प्युटर मुद्दाम नेटपासून लांब ठेवतात. आम्हीही ठेवायचो. पण नव्याला बँडलॅबचं खातं लागतं आणि अधूनमधून नेटवर जाऊन ते ताजं करावं लागतं. नाहीतर एक दिवस गाणं उघडतं आणि सेव्ह होत नाही. गायक बूथमध्ये उभा असताना हे कळू नये. महिन्यातून एकदा नेट जोडा, आणि तेही रेकॉर्डिंगच्या दिवशी नको.

सुराचा एक किस्सा राहिला. प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झचा आणि इंटरफेस (माइक-वाद्यं कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) ४८ वर अडकलेला असेल, तर गाणं जवळजवळ दीड पट्टी वर जातं: पांढरी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतं. गिऱ्हाईक म्हणतं, नवीन सोनार बेसूर आहे. पेटीवाल्याला आधी शंका येते, कारण कुठल्याच पट्टीत पेटी जुळत नाही. इंटरफेस ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा एसियो ड्रायव्हर (इंटरफेस आणि सोनार यांना जोडणारं सॉफ्टवेअर) टाका आणि दोन्हीकडचा आकडा एकच ठेवा.

आता आमच्याबद्दल. "सॉफ्टवेअर फुकट आहे तर तुम्ही पैसे कसले घेता?" हे तोंडावर विचारलं जातं, म्हणून लिहूनच ठेवतो. सॉफ्टवेअरचे एक रुपयाही घेत नाही. ते तुमचं तुम्ही उतरवून घेऊ शकता आणि घ्याच. आम्ही घेतो ते वेळेचे. पेटीत नीट बांधून आणलेलं गाणं नव्यात उघडून, वाजवून, प्लगइन तपासून देणं: प्रत्येकी १५० रुपये, आणि पहिलं गाणं विनामूल्य. माळ्यावर शोधाशोध करावी लागली तर तासाला ५०० रुपये. एवढा फरक का ठेवलाय हे वरचं वाचल्यावर कळलं असेल. चोरीच्या प्रती टाकून देत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी. सोनार मिळतंय फुकट, मग चोरायचं कशाला? बाहेरची डिस्क आमच्याकडेही मिळते, तपकीर गल्लीपेक्षा थोडी महाग, पण भरून, तपासून आणि वर लेबल लावून.

गाणी व्हॉट्सॲपवर पाठवू नका. लोक तिथे हमखास ती एकटी छोटी फाईल पाठवतात आणि "मिळालं का?" विचारतात. मिळतं, वाजत नाही. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्यक्ष या, रेकॉर्डिंगच्या निदान दोन दिवस आधी. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात दोनाचे पाच धरा. गुरुवारी येण्याआधी फोन करा, वीज असेलच असं नाही.

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. हे पत्रक वाचून घरीच सगळं जमलं तर आमची हरकत नाही, नव्या इंटरफेसच्या वेळी आठवण ठेवा म्हणजे झालं. पेन ड्राइव्ह आणाल त्यावर नाव आणि गाण्याचं नाव चिकटवून आणा. ड्रॉवरमध्ये सध्या सात बेवारस पडले आहेत. त्यातल्या एकावर फार सुंदर सारंगी आहे, ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.