पाळीव उंदीर माणसाळवणे

नव्याने घरी आणलेल्या पाळीव उंदराची माणसाबद्दलची भीती घालवून त्याला आपणहून हातावर येण्याइतका निर्धास्त करण्याची पद्धत. मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना लागतो आणि दुकानांतही दोन्ही ‘पांढरे उंदीर’ म्हणून विकले जातात. त्यामुळे आधी खुलासा हवा. ही नोंद तपकिरी उंदरापासून (रॅटस नॉर्व्हेजिकस) पैदास केलेल्या मोठ्या जातीची आहे. याचा पूर्ण वाढलेला नर सहज अर्ध्या किलोचा भरतो. वीस-चाळीस ग्रॅमचा छोटा पांढरा उंदीर (मस मस्क्युलस) हा वेगळा प्राणी. तो हाताळता येतो, पण मोठ्या उंदराला माणसाचा जसा लळा लागतो तसा त्याला क्वचितच लागतो.

लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा म्हणून ओळखला जाणारा जॅक ब्लॅक वेगळ्या रंगाचे उंदीर मारण्याऐवजी बाजूला ठेवून त्यांची पैदास करी. १९०१ मध्ये उंदीर पाळणाऱ्या मेरी डग्लस यांच्या प्रयत्नाने इंग्लंडमधल्या एल्सबरीच्या प्राणिप्रदर्शनात उंदरांना प्रथम जागा मिळाली. माणसाळण्याची तयारी किती उपजत असते, हे सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या संशोधन संस्थेत १९७२ पासून तपासले गेले. तिथे रानटी उंदरांतून पिढ्यान् पिढ्या सौम्य आणि आक्रमक अशा दोन शाखा निवडत नेल्या आणि दोन्हींच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक पडला. मात्र उपजत सौम्यपणाला लहानपणच्या हाताळणीची जोड लागते. डोळे उघडल्यापासून, म्हणजे सुमारे चौदाव्या दिवसापासून, रोज हातात घेतलेले पिल्लू नव्या घरी दोन-चार दिवसांत रुळते. गठ्ठ्याने वाढवलेल्या आणि कोणी हात न लावलेल्या उंदराला कित्येक आठवडे लागतात.

भीती कुठून येते. उंदराची नजर अधू असते, लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदराची तर फारच. असा उंदीर डोके डावी-उजवीकडे झुलवत अंतराचा अंदाज घेतो. तो आजार नव्हे. त्याचे जग नाक आणि मिशांवर चालते. वरून येणारा हात त्याला घारीसारखा भासतो, म्हणून पिंजरा जमिनीवर न ठेवता कंबरेएवढ्या उंचीवर, भिंतीला लावून ठेवावा आणि त्याचे दार बाजूने उघडणारे असावे. वास किती खोल जातो याचे एक उदाहरण: कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या चमूने २०१४ मध्ये दाखवले, की पुरुषाने वापरलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी प्रयोगशाळेतल्या उंदरांचा ताण वाढतो. हा परिणाम सवयीने ओसरतो, आणि माणसाळवण्याची सगळी मदार या सवयीवर आहे.

पहिले तीन दिवस. उंदीर एकटा आणू नये. एकाच लिंगाचे किमान दोन आणावेत. एकट्या उंदराला धीर चेपायला फार वेळ लागतो आणि तो खंगतो. पिंजऱ्याच्या तीन बाजू चादरीने झाकाव्या, आत लपायला खोके ठेवावे. पहिला दिवस अन्नपाणी देण्यापलीकडे काही करू नये. रात्री आपला दिवसभर वापरलेला बनियन किंवा जुना सुती दुपट्टा आत टाकावा. सकाळी तो ओढून घरट्यात नेलेला दिसला तर पहिली पायरी पार पडली असे समजावे. अत्तर, सॅनिटायझर, मांजराला कुरवाळलेला हात टाळावा. बिनवासाच्या साबणाने हात धुऊनच जवळ जावे, कारण बोटाला भाजीचा वास असेल तर उंदीर बोटच चाखून बघतो.

चमच्याची पद्धत. शेंगदाणा किंवा दाणा दिला की उंदीर तो पळवतो आणि कोपऱ्यात जाऊन खातो. त्याची भूक भागते, पण ओळख वाढत नाही. म्हणून सुरुवातीला चाटावे लागेल असेच काही द्यावे: बिनसाखरेची नाचणीची पेज, घट्ट दही, कुस्करलेले केळे. उंदराला नव्या पदार्थाचा संशय असतो, त्यामुळे तोच पदार्थ आदल्या रात्री वाटीत ठेवून ओळखीचा करून घ्यावा. लांब दांड्याच्या चमच्यावर पाव चमचा पेज घेऊन चमचा दारात स्थिर धरावा. पहिल्यांदा उंदीर मागचे पाय लपणातच रोवून, अंग रबरासारखे ताणून, फक्त नाक पुढे काढतो. त्या क्षणी चमचा पुढे सरकवण्याचा मोह आवरावा. तो चाटून मागे गेला तरी त्या दिवसाचे काम झाले. पुढे रोज दांडी आखूड धरत यावी, मग पेज बोटाच्या पेरावर, मग तळहातावर, आणि शेवटी चारही पाय हातावर ठेवल्याशिवाय पोहोचणार नाही अशी मनगटाजवळ. गजांतून बोटाने भरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्यातून गजात आलेली प्रत्येक वस्तू खायचीच असते हे उंदीर शिकतो आणि पुढे पाहुण्यांच्या मुलाचे बोट चावतो.

फक्त वाट पाहत बसणे मात्र प्रत्येक उंदराला लागू पडत नाही. आठ-दहा दिवसांनीही लपणाबाहेर न येणाऱ्या उंदराला रोज संध्याकाळी, तो जागा असताना, वीस मिनिटे अंगावर ठेवावे. त्यासाठी घरट्यातून ओढून काढू नये. तो नळकांड्यात किंवा डब्यात शिरला की ते नळकांडेच उचलावे आणि सैल सदऱ्यात किंवा शालीत त्याला सोडावे. जागा बंदिस्त हवी. नहाणीघर चालते, पण मोरीचे तोंड आणि दाराखालची फट आधी बुजवावी. धडपड करत असतानाच त्याला परत पिंजऱ्यात ठेवले तर ‘धडपडले की सुटका’ हे पक्के होते. दोन मिनिटे तरी शांत बसला की मगच ठेवावे. कान सपाट आणि श्वास धाप लागल्यासारखा झाला, तर मात्र अंधार करून, हात न हलवता त्याला थांबू द्यावे.

उचलणे. एक हात पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि लगेच आपल्या छातीशी. शेपटीला धरून कधीही उचलू नये. शेपटीची कातडी मोज्यासारखी सोलून निघते आणि ती परत येत नाही.

खुणा. थिजून बसलेला उंदीर शांत झाला असे समजणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. निर्धास्त उंदीर हलतो, हुंगतो, अंग चाटतो. हातावर लेंडी टाकणे सहसा भीतीचे असते. मुताचे थेंब सोडत चालणे मात्र मालकीची खूण असते, त्यात भीती नसते. नाका-डोळ्यांभोवती लालसर स्राव दिसला तर ते रक्त नसून पॉर्फिरिन नावाचे लाल रंगद्रव्य असते. ते ताणाने किंवा आजाराने वाढते. खूश असलेला उंदीर दात एकमेकांवर हलके घासतो आणि त्याच लयीत त्याचे डोळे आतबाहेर थरथरतात. पहिल्यांदा पाहणारा घाबरतोच, पण ही विश्वासाची सर्वांत सुंदर खूण आहे. दात घासणे ताणातही होते, म्हणून बाकीचे अंग सैल आहे का ते पाहावे.

उंदराचे बरेच बोलणे आपल्या कानापलीकडचे आहे. धोक्याची हाक सुमारे २२ किलोहर्ट्झची आणि खेळातल्या आनंदाची सुमारे ५० किलोहर्ट्झची असते. माणसाला २० च्या वर ऐकू येत नाही. याक पांक्सेप आणि जेफ्री बर्गडॉर्फ या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले, की गुदगुल्या केल्यावर लहान उंदीर हीच आनंदाची हाक देतात. हातावर रुळलेल्या पिल्लाच्या मानेमागे बोटांनी हलके झोंबावे आणि हात लगेच मागे घ्यावा. तो हाताचा पाठलाग करू लागला तर खेळ त्याला आवडला आहे.

चावणे. दात लागला तरी हात झटकू नये, जखम झटक्यानेच फाटते. थोडा दाब आला तर चढ्या सुरात ‘ईं’ करावे. पिल्ले एकमेकांना असेच थांबवतात. घरट्यात हात घातल्यावरचा चावा भीतीचा, अचानक सुरू झालेला दुखण्याचा. पाच-आठ महिन्यांचा नर केस फुलवून, बाजूने सरकत, फिस्कारत अंगावर येत असेल तर ते संप्रेरकांमुळे असते. तिथे लाडीगोडी चालत नाही, लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून खच्चीकरण करावे. रक्त आले तर वाहत्या पाण्यात साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावे.

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात एक वेगळी फसगत होते. उंदराला घाम येत नाही, तो मुख्यतः शेपटीवाटे उष्णता टाकतो. तिशीच्या वर पारा गेला की तो आडवा पडून राहतो आणि हातात घेतले तरी प्रतिकार करत नाही. तो माणसाळलेला नसतो, उष्म्याने गळालेला असतो. चैत्र-वैशाखात सगळा सराव रात्री करावा. पावसाळ्यात घराबाहेरचे उंदीर पिंजऱ्यापर्यंत पोहोचणार नाहीत असे पाहावे, त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

चमच्याच्या पहिल्या दिवसापासून एकच ठरावीक आवाज, डब्याची खुळखुळ किंवा जिभेची टकटक, खाणे देताना करत राहावे. दोन-तीन आठवड्यांत उंदीर त्या आवाजाला धावत येतो, आणि कपाटामागे सुटलेल्या उंदराला बाहेर काढण्याचा हाच खात्रीचा उपाय आहे. त्याला मोकळे सोडण्याआधी घरातली उंदीर मारायची वडी आणि चिकट पॅड काढून टाकावेत. शेजाऱ्यांनी सामाईक गॅलरीत ठेवलेलेही विसरू नयेत.