मेलेली डिस्क परवडली, खोटं बोलणारी नको

हार्ड डिस्क मरणारच, हे धरूनच क्लाउड स्टोरेज उभारलं जातं. 10,000 डिस्क आहेत आणि वर्षाला शंभरात एक जाते असं धरलं, तरी आठवड्याला दोन बदलाव्या लागतात. ते सोपं असतं. मेलेली डिस्क गप्प बसते, सर्व्हर दुसरीकडची प्रत उचलतो. घात करते ती चालू डिस्क. ती मागितलेला ब्लॉक, म्हणजे डेटाचा एक तुकडा, देते, एररही दाखवत नाही, पण आतला एखादा बिट उलटलेला असतो: शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झालेला.

म्हणून ब्लॉक लिहितानाच त्याचा चेकसम, म्हणजे त्यातल्या डेटावरून निघणारा छोटा पडताळ्याचा आकडा, काढतात आणि वाचताना पुन्हा काढून ताडून बघतात. हा चेकसम ब्लॉकच्या शेजारीच ठेवला की फसगत होते. कधी डिस्क ‘लिहिलं’ म्हणते आणि लिहीतच नाही. मग तिथे जुना डेटा आणि जुना चेकसम सुखाने नांदत असतात, दोघं एकमेकांशी तंतोतंत जुळतात! झेडएफएस ही फाइल सिस्टीम म्हणूनच ब्लॉकचा चेकसम त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते.

पण वर्षानुवर्षं कुणी उघडतच नाही त्या फोटोंचं काय? त्यांच्यासाठी ‘स्क्रबिंग’, म्हणजे सगळी डिस्क पार्श्वभूमीवर वाचून तपासत राहणं. 20 टीबीची डिस्क सेकंदाला 250 एमबीने वाचली तर 22 तास लागतात. ग्राहकांची कामं अडू नयेत म्हणून दहाव्या हिश्शाच्या वेगाने वाचली, तर नऊ दिवसांच्या वर.

चूक सापडली तरी दुरुस्तीला चांगला माल शिल्लक हवा. तीन प्रती ठेवल्या तर 100 एमबीला 300 एमबी जागा जाते आणि दोन प्रती गेल्या तरी निभावतं. त्याऐवजी रीड-सोलोमन कोडने, म्हणजे हरवलेले तुकडे उरलेल्यांवरून गणिताने परत घडवणाऱ्या पद्धतीने, 10 तुकडे डेटाचे आणि 4 जादा बनवले, तर 140 एमबीत भागतं आणि कुठलेही चार गेले तरी चालतं. फुकट काहीच नाही: 10 एमबीचा एक तुकडा परत घडवायला दहा तुकडे, म्हणजे 100 एमबी, नेटवर्कवरून ओढावे लागतात. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅझ्युर या आपल्या क्लाउड सेवेसाठी यावर तोड काढली. 12 तुकड्यांचे सहा-सहाचे दोन गट, प्रत्येक गटाला स्वतःचा एक जादा तुकडा, शिवाय सगळ्यांचे मिळून दोन. एक तुकडा गेला तर सहाच वाचायचे. अर्थात सगळे तुकडे एकाच रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या एकाच कपाटात, कोंबले, तर वीज गेली की हे गणित वहीतच राहतं.

20 जुलै 2008 रोजी अ‍ॅमेझॉनची एस3 ही क्लाउड स्टोरेज सेवा काही तास बंद पडली, तेव्हा एकही डिस्क दोषी नव्हती. सर्व्हर एकमेकांची खुशाली सतत पुढे सांगत असतात. त्यातल्या मोजक्या संदेशांत एकेक बिट उलटला होता. संदेश वाचता येत होता, फक्त मजकूर चुकीचा होता, आणि तो अफवेसारखा सगळीकडे पसरला. अखेर सर्व्हरमधलं सगळं संभाषण थांबवून, साठलेली माहिती पुसून, यंत्रणा पुन्हा सुरू करावी लागली. ग्राहकांच्या डेटाला चेकसम होता. या आपसातल्या निरोपांना नव्हता.