वेब ॲप्लिकेशनमधून नेटवर्क प्रिंटरवर छपाई: पार्श्वभूमी

वेब ॲप्लिकेशनमध्ये ‘प्रिंट’ म्हटले की आधी एक चौकट उघडते आणि वापरणाऱ्याने तीत होकार दिल्याखेरीज कागद बाहेर येत नाही. दिवसभर पावत्या फाडणाऱ्या काउंटरवर ही चौकट नकोशी होते. पण तिच्यामागे कारण आहे, आणि ते वेबपेक्षा जुन्या काळात सापडते.

बर्कली युनिक्समधील एलपीडी ही नेटवर्कवरून छपाईची कामे पाठवण्याची व्यवस्था १९८०च्या दशकात रुळली आणि १९९०मध्ये आरएफसी ११७९ म्हणून (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत) नोंदली गेली. १९९१मध्ये एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डामुळे प्रिंटर थेट नेटवर्कला जोडता येऊ लागला. या पद्धतीत पोर्ट ९१०० वर (पोर्ट म्हणजे यंत्रावरचे जोडणीचे क्रमांकित दार) जो कोणी जोडणी करील, त्याने पाठवलेला मजकूर प्रिंटर निमूटपणे छापतो. नाव नाही, पासवर्ड नाही. ब्राउझरमध्ये अशा प्रिंटरचा पत्ता या पोर्टसह टाकला, तर ब्राउझरची एचटीटीपी विनंतीच (पान मागवण्याचा संदेश) शीर्षओळींसकट कागदावर उतरू शकते. हेच काम एखादे परके संकेतस्थळ गुपचूप करवून घेऊ शकते, हे उघड आहे. एलपीडीचे ५१५ हे पोर्ट ब्राउझरांच्या बंदीच्या यादीत आहे, ते उगाच नव्हे.

नेटस्केप ४ (१९९७) मध्ये जावास्क्रिप्टला छपाईची आज्ञा मिळाली, पण तिने फक्त ती चौकट उघडते. चौकट टाळण्यासाठी मग जावा ॲपलेट आणि ॲक्टिव्हएक्स या, पानातून संगणकावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा आधार घेतला गेला. क्रोमने सप्टेंबर २०१५मध्ये जुनी प्लगइन-व्यवस्था (असे जोड-प्रोग्राम चालवण्याची सोय) काढून टाकल्यावर क्रोमपुरती ॲपलेटची वाट बंद झाली. जेझेब्रा या छपाईच्या मूळ ॲपलेटचा वारसा सांगणारा क्यूझेड ट्रे आता संगणकावर स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालतो आणि पान त्याच्याशी वेबसॉकेट या उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून बोलते.

दुसरी वाट सर्व्हरची. नोव्हेल कंपनीच्या १९९६मधील प्रस्तावातून पुढे आलेला आयपीपी हा नेटवर्क-छपाईचा नियमसंच १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. तो एचटीटीपीवरच बेतलेला असूनही पानातल्या स्क्रिप्टला त्याचा थेट उपयोग क्वचितच होतो, कारण दुसऱ्या पत्त्यावर मुक्त संचार करण्यास ब्राउझर मज्जाव करतो. सर्व्हरला मात्र ही आडकाठी नाही. १९९९च्या सुमारास आलेल्या आणि २००२मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्समध्ये घेतलेल्या कप्स या छपाई सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, ॲप्लिकेशन आणि प्रिंटर एकाच इमारतीत असेपर्यंत, सर्व्हरवरून एक आज्ञा दिली की भागत असे.

सर्व्हर क्लाउडमध्ये गेला आणि हे गणित बिघडले: ऑफिसातल्या प्रिंटरचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता बाहेरून दिसतच नाही. २०१०मध्ये जाहीर झालेल्या गुगल क्लाउड प्रिंटने त्यावर तोडगा काढला, पण ती सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. दिशा उलटी करण्याची तिची युक्ती मात्र इतरत्र चालू आहे. एप्सनच्या सर्व्हर डायरेक्ट प्रिंटमध्ये आणि स्टारच्या क्लाउडपीआरएनटीमध्ये पावतीचा प्रिंटरच ठरावीक वेळाने सर्व्हरला काम आहे का असे विचारतो, आणि त्यात ब्राउझरची ती चौकट मध्ये येतच नाही.