पार्श्वभूमी : फैजपूरचा ठराव आणि 'घटना समिती' या शब्दाचा गुंता

१९३६ च्या डिसेंबरात २७ आणि २८ तारखेला खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन होतं, आणि त्यासाठी बांबूचं अख्खं नगर उभं राहिलं होतं. हे खानदेशात घरोघरी माहीत आहे. तिथले ठराव मात्र कुणी फारसे सांगत नाही, आणि स्वतंत्र देशाच्या सरकारला आकार कसा आला हे समजून घ्यायला नेमके ते ठरावच लागतात.

ब्रिटिश सरकारने केलेला १९३५ चा भारत सरकार कायदा नुकताच झाला होता. प्रांतात निवडून आलेलं मंत्रिमंडळ येणार होतं, पण वर गव्हर्नर, आणि त्याच्या हाती विशेष अधिकार. फैजपूरने हा कायदा सरसकट नाकारला. देशाची राज्यघटना देशानेच लिहावी, आणि ती लिहिणारी सभा प्रौढ मतदानाने निवडलेली असावी, ही मागणी पुन्हा मांडली. त्याच वेळी या नाकारलेल्या कायद्याखालच्या निवडणुका लढवायचंही ठरलं. मंत्रिपदं घ्यायची की नाही, हा खरा वादाचा मुद्दा निवडणुकीनंतरवर ढकलला गेला. अधिवेशनाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू स्वतः मंत्रिपदं घेण्याच्या विरोधात होते. मार्च १९३७ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय काँग्रेस समितीत १२७ विरुद्ध ७० मतांनी सशर्त होकार मिळाला आणि जुलैमध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. १९३९ च्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावर ते पायउतार झालं आणि त्याच १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली गव्हर्नरची राजवट सुरू झाली, ती १९४६ पर्यंत टिकली. त्या काळात खानदेशात काय घडलं, १९४२ च्या चळवळीत नंदुरबारच्या चौकात शाळकरी पोरांवर गोळ्या कशा झाडल्या गेल्या, हे इथं नव्याने सांगायला नको.

आता शब्दाबद्दल. 'घटना समिती' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाच-सात जणांची बैठक येते, कारण समिती म्हणजे कमिटी. त्यामुळे घटना समितीचे अध्यक्ष कोण, असं विचारलं की आपल्याकडे निम्मे लोक मसुदा समितीच्या अध्यक्षांचं नाव सांगतात. मसुदा समिती सात जणांची होती. घटना समिती ही अख्खी सभा होती : सुरुवातीच्या योजनेत ३८९ जागा, फाळणीनंतर २९९. हिंदीतला 'संविधान सभा' हा शब्द या बाबतीत स्वच्छ आहे आणि मराठीतही तोच रुळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. गुंता इथंच संपत नाही. १५ ऑगस्ट १९४७ पासून हीच सभा देशाचं कायदेमंडळही झाली. घटना लिहायला बसली की अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, रोजचे कायदे करायला बसली की सभापती मावळंकर. माणसं बव्हंशी तीच. संसद म्हणून वेगळं काही तेव्हा नव्हतंच. सप्टेंबर १९४६ चं हंगामी सरकार तर कागदावर व्हाइसरॉयचं कार्यकारी मंडळच होतं, आणि फैजपूरचे अध्यक्ष त्याचे उपाध्यक्ष होते. डिसेंबर १९४६ मध्ये घटनेच्या उद्दिष्टांचा ठराव सभेपुढे ठेवला तो त्यांनीच.

पण फैजपुरात मागितलेली सभा हीच का? नाही, आणि हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. मागणी प्रौढ मतदानाची होती. प्रत्यक्षात १९४६ च्या जुलैमध्ये प्रांतांच्या विधानसभांनी हे सदस्य निवडले. दहा लाख लोकसंख्येला साधारण एक जागा असा हिशेब होता आणि मुंबई प्रांताच्या वाट्याला २१ जागा आल्या. त्या विधानसभा ज्यांनी निवडल्या होत्या, त्यांना शेतसारा, घरभाडं, शिक्षण अशा अटी पार करून मत मिळालेलं होतं. यावल-रावेरचा बागाईतदार या हिशेबात बसत होता. त्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीने राबणारे बहुतेक सालदार बसत नव्हते, अक्राणीच्या डोंगरातले बहुतेक भिल्ल-पावराही बसत नव्हते. ज्या अधिवेशनासाठी अशाच हातांनी बांबू रोवले, त्यांना घटना लिहिणारा माणूस निवडता आला नाही. वेळ नव्हता, दंगे पेटले होते, प्रौढांची यादी करायला वर्षं लागली असती, ही कारणं खरी आहेत. तरी माझ्या लेखी ती उणीव उणीवच राहते. त्या सभेने एक मोठं काम मात्र केलं : स्वतः मर्यादित मतांवर उभी असूनही तिने एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत दिलं, सारा आणि शिक्षण न विचारता. १९५१-५२ च्या निवडणुकीत देशभर सतरा कोटींवर मतदार नोंदले गेले, आणि तो सालदार पहिल्यांदा मतपेटीपर्यंत पोचला.

मंत्रिपदं घेण्याच्या त्या होकाराचाही परिणाम राहिला. कारभाराचा अनुभव आला, तसा कारभाराचा साचाही अंगवळणी पडला. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० देश चालला तो दुरुस्त केलेल्या १९३५ च्या कायद्यावरच. पुढे घटनेत राज्यपाल आले, अध्यादेश आले, केंद्र आणि राज्यांत अधिकार वाटणाऱ्या विषयांच्या तीन याद्या आल्या. कलम ९३ ची सावली घटनेतल्या राष्ट्रपती राजवटीच्या ३५६ व्या कलमावर पडलेली स्पष्ट दिसते. फैजपूरने नाकारलेला कायदा औपचारिकपणे रद्द झाला तो घटनेच्या अगदी शेवटच्या, ३९५ व्या कलमाने.

राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकारही असाच वर राहिला. कलम ३ प्रमाणे संसद साध्या कायद्याने सीमा बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवलं जातं, पण ते बंधनकारक नसतं; गावांचा कौल घेण्याची सोय त्यात नाही. १९०६ साली एका खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आलं, १ मे १९६० ला महाराष्ट्र. मग पूर्व खानदेशचा जळगाव झाला, पश्चिमचा धुळे, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. महाराष्ट्र होताना मात्र पश्चिम खानदेशातली उच्छल-निझरकडची गावं गुजरातेत गेली. निझरकरांना नंदुरबारचा बाजार आजही जवळ पडतो. त्यांच्या जिल्ह्याचं ठाणं आता व्यारा आहे.